पिवळ्या केमनला फिल्म लावायची का? कोल्हापुरातल्या एका निर्णयाची पूर्ण हकिकत

पोर्शे ७१८ केमन, रंग रेसिंग यलो, पुण्यातल्या पहिल्या मालकाकडून दिवाळीनंतर घेतलेली. नवे मालक शिरोली एमआयडीसीत फौंड्री चालवतात, राहायला ताराबाई पार्कात. गाडी घरी येऊन महिना व्हायच्या आत त्यांचा फोन आला. ‘‘दादा, सगळ्या गाडीला पीपीएफ मारून घेऊ का? दोन ठिकाणची कोटेशनं आलीत. एकजण पावणेदोन लाख म्हणतोय, दुसरा अडीच. दोघंबी म्हणत्यात आजच लावा, उद्या टवका उडाला की गेलं.’’

पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म: रंग वाचवायला गाडीवर चिकटवतात तो पारदर्शक थर. ही फिल्म मी विकत नाही आणि लावतही नाही. गाडीच्या रंगाची तपासणी, पॉलिशिंग आणि रंगकामाबद्दल सल्ला एवढंच माझं काम आहे. त्यामुळे उत्तर काहीही आलं तरी त्यात माझं कमिशन नव्हतं. मालकांच्या परवानगीने हे लिहितोय, त्यांचं नाव आणि गाडीचा नंबर तेवढा गाळलाय. कोल्हापुरात आता अशा गाड्या बऱ्याच दिसतात, पण फिल्मचा निर्णय बहुतेकजण दुकानात उभं राहून, शेजारी लागलेल्या दुसऱ्याच्या गाडीकडे बघून घेतात. आधी बघायला हवा तो आपल्या गाडीचा रंग, आपला रोजचा रस्ता आणि गाडी दिवसभर उभी राहते ती जागा. या गाडीच्या बाबतीत तिसऱ्या गोष्टीने सगळा हिशेब बदलला.

फिल्म काय करते

पीपीएफ म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनचा पारदर्शक पडदा. धंद्यात त्याला टीपीयू म्हणतात. खालच्या बाजूला चिकट थर, वरच्या बाजूला पातळ टॉपकोट, आणि एकूण जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कंपनीतून आलेल्या गाडीचा अख्खा रंग, खालच्या प्रायमरपासून वरच्या पारदर्शक क्लिअरकोटपर्यंत, सहसा १०० ते १५० मायक्रॉन असतो. त्यातला वरचा क्लिअरकोट ४०-५० मायक्रॉनचा. म्हणजे रंगावर रंगाहून जाड थर चढतो, आणि हा थर रबरासारखा ताणला जाऊन पूर्ववत होतो. खडा आदळला की मार एका बिंदूवर न राहता आजूबाजूला पसरतो आणि टवका उडत नाही. टॉपकोटवर पडलेले कापडाचे बारीक ओरखडे उन्हाने किंवा गरम पाण्याने भरून येतात, तेही खरं आहे. पण पोचा फिल्मने थांबत नाही. किल्लीने मुद्दाम ओढलेली रेघही थांबेलच असं नाही.

या जातीची फिल्म आधी व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन लष्कराच्या हेलिकॉप्टरांच्या पात्यांवर आली, वाळूने पाती झिजू नयेत म्हणून. मोटारींकडे ती रेसिंगच्या वाटेने सरकली. आता आपल्याच राज्यात, छत्रपती संभाजीनगरला, गरवारे हाय-टेक फिल्म्स पीपीएफ तयार करते. त्यामुळे ‘इंपोर्टेड असेल तरच चांगली’ असं मानायचं कारण उरलेलं नाही.

दुसऱ्या कोटेशनमध्ये ‘पीपीएफ नको असेल तर सिरॅमिक कोटिंग, सेम प्रोटेक्शन’ अशी ओळ होती. ही ओळ चुकीची आहे आणि ती जिथे दिसेल तिथे मी खोडून काढतो. सिरॅमिक म्हणजे रंगावर चोळून सुकवायचं द्रव, त्याचा थर एक-दोन मायक्रॉनचा. त्यावरून पाणी ओघळतं, धूळ पटकन निघते, चकाकी टिकते, धुणं सोपं होतं. पण दगड अडवायला त्यात काही नाही. बाटलीवरचा ‘नाइन एच’ हा आकडा पेन्सिलने रेघ ओढून करायच्या कडकपणाच्या चाचणीचा आहे. ट्रकच्या टायरमधून सुटलेल्या खडीशी त्याचा संबंध नाही.

मार कुठे बसतो

केमनची उंची जेमतेम १.३ मीटर. नाक जमिनीलगत, टायर रुंद आणि मऊ रबराचे. अशी गाडी दोन तऱ्हेने मार खाते. पुढच्या वाहनाने उडवलेला खडा नाक, बोनेट, आरसे आणि काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब पकडतो. आणि तिचेच पुढचे टायर जे उचलून मागे फेकतात ते दाराखालच्या पट्ट्यावर आणि मागच्या रुंद फेंडरच्या पुढच्या भागावर जाऊन बसतं. केमनचं इंजिन मध्यभागी असल्याने हवा आत घ्यायची तोंडं नेमकी तिथेच, मागच्या चाकाच्या पुढे आहेत. पोर्शे ९११ च्या मागच्या फेंडरवर याच जागी कंपनी स्वतः संरक्षक फिल्म लावून देत आलेली आहे. गाडी बनवणाऱ्याने दाखवलेली ही जागा आपल्याकडच्या कोटेशनांमध्ये मात्र नेहमी विसरली जाते. ‘फ्रंट पॅकेज’ म्हटलं की बंपर, बोनेट, फेंडर आणि आरसे, तिथेच यादी संपते.

खड्याचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ६० ला लागलेल्या खड्यापेक्षा तोच खडा ताशी १०० ला जवळपास पावणेतीन पट ताकदीने लागतो. म्हणून मालकांना पहिला प्रश्न विचारला तो पैशाचा नव्हता, गाडी कुठे जाणार याचा होता. उत्तर असं आलं: रविवारी पहाटे पन्हाळा, पावसाळ्याच्या तोंडावर आणि शेवटी आंबोली किंवा गगनबावडा, महिन्याकाठी एकदा पुणे, आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस घर ते फौंड्री.

पुण्याचा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८. साताऱ्यापासून कागलपर्यंत सहापदरीकरण सुरू, म्हणजे वळणरस्ते, सुटी खडी, कच आणि मुरूम. एखाद्या डायव्हर्जनमधून डंपर पुढे निघाला की त्याच्या मागच्या जोडटायरांमध्ये अडकलेली खडी वेग वाढताच सुटते. तिथे अंतर ठेवणं हेच पहिलं संरक्षण. ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो, कारण कोणतीही फिल्म मोठा धारदार खडा थेट लागला तर फाटू शकते. गगनबावड्याकडचा आणि आंबोलीचा रस्ता वेगळा. तिथे वेग कमी, खडे कमी, पण पावसात जांभ्याची लाल माती चाकांच्या कमानीत आणि पट्ट्यांच्या खाली जाऊन बसते. ओली असते तोवर निघते, वाळली की सँडपेपरसारखी घासते.

आणि मग हंगाम. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चच्या आसपासपर्यंत जिल्ह्यातला कुठलाही रस्ता उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीशिवाय नसतो. दोन ट्रॉल्या जोडलेल्या, बाजूंनी ऊस बाहेर आलेला, मागे रिफ्लेक्टर असेल-नसेल. अरुंद रस्त्यावर ओव्हरटेक करताना बाहेर आलेलं वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, गाडीच्या बाजूला घासून जातं. हे नुकसान नाकाला नाही, दाराला होतं. फ्रंट पॅकेजच्या विरोधात कोल्हापुरात खरा मुद्दा कुठला असेल तर तो हा, आणि तो मी मालकांपासून लपवला नाही.

फौंड्रीच्या दारात

तपासणीसाठी गाडी बघायला मी घरी न जाता शिरोलीला गेलो, कारण गाडी दिवसा तिथे उभी असते. शेडच्या सावलीत, छान झाकलेल्या जागेत लावलेली होती. शेजारी भिंतीपलीकडे फेटलिंग शॉप, म्हणजे कास्टिंग (ओतून काढलेले लोखंडी भाग) घासून साफ करायची जागा, आणि त्यालगत शॉट ब्लास्टिंग, जिथे छर्रे मारून ते साफ करतात. फौंड्री माहीत असलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. कास्टिंगवर ग्राइंडर चालला की लोखंडाचे गरम, डोळ्याला न दिसणारे कण हवेत उडतात. ते रंगावर बसतात, रुततात आणि दमट हवेत गंजतात. पिवळ्या किंवा पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसायला लागले की लोक म्हणतात, ‘रंग खराब निघाला.’ रंगाचा दोष नसतो, त्यावर बसलेल्या लोखंडाचा असतो.

मागच्या डिकीवर आयर्न रिमूव्हर मारला. हे द्रव लोखंडाशी प्रक्रिया होऊन जांभळं होतं. काही मिनिटांत पिवळ्या रंगावरून जांभळे ओघळ उतरले. गाडी तिथे उभी राहायला लागून महिनाही झाला नव्हता. मालक बघतच राहिले. शेजारी उभे असलेले त्यांचे वडील, आबा, ज्यांनी ही फौंड्री उभी केली, ते म्हणाले, ‘‘चाळीस वर्षं आमच्या छातीत हेच जातंय. गाडीवर दिसलं तेव्हा तुम्हाला कळलं व्हय?’’ आणि त्या दिवशी गाडीच्या निमित्ताने फेटलिंग शॉपच्या धूळ ओढायच्या डक्टचं बोलणं निघालं. ते काम पुढच्या महिन्यात झालं. माझ्या दृष्टीने या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं काम तेच.

फिल्मच्या हिशेबात याचा अर्थ असा. कण फिल्मवरही बसतात आणि रुततात. पॉलियुरेथेन हे क्लिअरकोटपेक्षा मऊ, त्यामुळे बऱ्याचदा जास्तच रुततात. रंग वाचतो, पण ठिपक्यांनी भरलेली फिल्म दिसायला वाईट, आणि वारंवार रसायनं मारून तिचा टॉपकोट थकतो. अडीच लाखांची फिल्म घेऊन गाडी पुन्हा फेटलिंगच्या भिंतीला लावायची, तर पैसे वाया. म्हणून पहिला निर्णय झाला तो बिनपैशाचा: गाडी पुढच्या ऑफिस इमारतीच्या बाजूला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला लावायची, आणि शक्य तेव्हा फौंड्रीला दुसरी गाडी न्यायची. मालकांच्या डोक्यातला ‘सगळ्या गाडीला’ हा आग्रह इथे निम्मा गळला, कारण छत आणि मागची बाजू झाकायचं त्यांचं मुख्य कारण हेच ठिपके होतं.

मोजणी

मग रंगाची जाडी मोजली. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. साधं चुंबकीय मीटर फक्त लोखंडी पत्र्यावर चालतं. केमनचं बोनेट आणि दारं अॅल्युमिनियमची आहेत, तिथे एडी करंटवर चालणारं, दोन्ही धातू ओळखणारं मीटर लागतं. बंपर प्लॅस्टिकचा, तिथे दोन्ही निरुपयोगी. प्लॅस्टिकवर अल्ट्रासॉनिक मीटर लागतं आणि ते आपल्याकडे फार थोड्यांकडे असतं. सेकंड हँड गाडी घेताना ‘मीटर लावून बघितली, ओरिजिनल आहे’ असं कोणी सांगितलं तर आधी मीटर कुठलं ते विचारा.

बोनेट, छत, दारं आणि उजवा फेंडर १०५ ते १२५ मायक्रॉनमध्ये. म्हणजे कंपनीचा रंग. डावा पुढचा फेंडर २५० च्या आसपास. पुट्टी असती तर आकडा याच्या कितीतरी वर गेला असता, म्हणजे पत्रा ठोकून भरलेला नाही, नुसता पुन्हा रंगवलेला आहे. बंपर डोळ्यांनी आणि बोटांनी बघितला: सेन्सरच्या कडेला मास्किंग टेपची बारीक पायरी, रंगात अडकलेले दोन-तीन धुळीचे कण, आणि संत्र्याच्या सालीसारखा पोत बोनेटपेक्षा वेगळा. पिवळ्या रंगद्रव्यांची झाकायची ताकद कमी असते, त्यामुळे पेंटरला जास्त थर द्यावे लागतात, आणि पोताचा फरक पिवळ्यावर लवकर उघडा पडतो. पहिल्या मालकाला फोन केल्यावर त्यांनी सरळ सांगितलं: उन्हाळ्यात पार्किंगमध्ये घासली होती, बंपर आणि डावा फेंडर रंगवलाय.

पुन्हा रंगवलेल्या भागावर फिल्म लावायची की नाही, यावर दुकानांमध्ये दोन टोकं ऐकायला मिळतात. एक म्हणतो काही होत नाही, दुसरा हातच लावत नाही. वस्तुस्थिती अशी की ताज्या रंगातून सॉल्व्हंट बाहेर पडत असतं, त्यामुळे निदान महिनाभर, भट्टीत न भाजलेला रंग असेल तर आणखी जास्त, थांबायला हवं. इथे सहा महिने उलटले होते. दुसरा धोका फिल्म काढताना. रंगाची पकड कच्ची असेल तर चार-पाच वर्षांनी फिल्मबरोबर क्लिअरकोट सोलून येतो. बंपरच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेला चांगली चिकटपट्टी दाबून, झटका देऊन ओढून बघितली. काही आलं नाही. ही चाचणी संकेत देते, हमी देत नाही.

माझं मत बहुतेकांपेक्षा उलटं होतं. बंपर आणि डावा फेंडर एकदा रंगवलेत, म्हणजे तिथे गमावण्यासारखं जे होतं ते गेलंय. उद्या फिल्म काढताना रंग सुटला तर तो भाग पुन्हा रंगवू. पण बोनेटवरचा कंपनीचा रंग एकदा गेला की परत येत नाही. कितीही चांगल्या बूथमध्ये रंगवा, मीटर कायम दुसरा आकडा दाखवणार आणि पुढचा ग्राहक त्यावर पैसे तोडणार. शिवाय रंगकामाला अशी गाडी कोल्हापूरबाहेर न्यावी लागते. म्हणून फिल्मची खरी गरज बोनेटला, उजव्या फेंडरला आणि मागच्या फेंडरच्या पुढच्या भागाला. बंपरला लावायची कारण मार सगळ्यात जास्त तिथेच बसतो आणि दर दोन वर्षांनी रंगवणं परवडत नाही.

काय ठरलं

पूर्ण बंपर, पूर्ण बोनेट, दोन्ही पुढचे फेंडर, आरसे, हेडलाइट, काचेच्या बाजूचे खांब आणि छताची पुढची पट्टी. दाराखालचे पट्टे, हवेच्या तोंडांसकट मागच्या फेंडरचा पुढचा भाग, दाराच्या कडा, हँडलमागची खोबण आणि मागच्या बंपरचा वरचा काठ, जिथे सामान घासतं. बाकी दारं, छत, मागची बाजू: पॉलिश करून सिरॅमिक.

‘अर्धं बोनेट’ हा स्वस्त पर्याय मी नाकारला. बोनेटच्या मध्यावर जी कड येते तिथे मळ धरतो आणि पिवळ्या गाडीवर ती काळी रेघ लांबूनही दिसते. फिल्मची कड नेहमी पत्र्याच्या कडेला आत वळवलेली हवी.

खर्च असा झाला: फिल्म ऐंशी हजारांच्या थोडं वर, पॉलिश आणि कोटिंग तीस हजारांच्या आत. पूर्ण गाडीच्या स्वस्त कोटेशनपेक्षा साठेक हजार वाचले. पण ते वाचवणं हा हेतू नव्हता. पावणेदोन लाखांत सगळी गाडी झाकणारा जी फिल्म लावत होता तिच्या रोलवर ना सिरीयल नंबर होता ना ऑनलाइन वॉरंटीची नोंद. कमी जागेवर चांगली फिल्म आणि चांगला हात मिळत असेल तर मी तेच निवडतो. स्वस्तात पीव्हीसी किंवा हलक्या पॉलियुरेथेनची फिल्म मिळते, ती पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात पिवळी पडते. चांगल्या टीपीयूमध्ये अॅलिफॅटिक जातीचं पॉलियुरेथेन असतं, ते उन्हात सहजासहजी रंग बदलत नाही. मालक म्हणाले, आपली गाडी पिवळीच आहे, पिवळी पडली तर काय बिघडलं? बिघडतं. पिवळी पडणारी फिल्म कडकही होते, आणि कडक झालेली फिल्म तुकड्या-तुकड्याने, डिंक मागे ठेवत निघते.

घरात एक विरोध होता तो आबांचा. ‘‘गाडी फिरवायला घेतली का गुंडाळून ठेवायला?’’ प्रश्न रास्त आहे. ज्याची गाडी वर्षातून चारदा बाहेर पडते त्याने फिल्मवर एक रुपया घालू नये असं मी म्हणेन. इथे उलट आहे. फिल्म लावली म्हणून ते डंपरच्या भीतीने पुण्याला दुसरी गाडी नेणार नाहीत. आबांना हे पटलं की नाही सांगता येत नाही, पण त्यांनी पुढे विरोध केला नाही.

लावणारा हात

मी दोन्ही दुकानं बघितली. एका ठिकाणी तयार होऊन उभ्या असलेल्या काळ्या गाडीच्या हेडलाइटशेजारी टॉर्च धरला तर फिल्मखाली रंगात सरळ बारीक रेघ. ब्लेडची. गाडीवरच फिल्म पसरून ब्लेडने कापायची पद्धत कुशल हातात चालते, पण दाब जरा चुकला की फिल्म कापून ब्लेड क्लिअरकोटमध्ये उतरतं, आणि फिल्म काढेपर्यंत कोणाला कळत नाही. ज्या रंगाचं रक्षण करायला आलोय तोच कापून घ्यायचा, याइतकं वाईट काही नाही.

दुसऱ्या दुकानात गाडीच्या मॉडेलप्रमाणे प्लॉटरवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या कापायच्या मशीनवर, तुकडे कापून घेतात. जिथे जागेवर कापावं लागतं तिथे दोरा असलेली टेप खाली लावून दोरा ओढून कापतात. खोली बंद, फरशी ओली, पंखा बंद. आम्ही तिथे दिलं. लेखी तीन गोष्टी घेतल्या: रोलचा सिरीयल नंबर बिलावर, बंपर आणि डाव्या फेंडरवर फिल्म काढताना रंग सुटल्यास जबाबदारी मालकाची, आणि ब्लेडची रेघ निघाल्यास जबाबदारी दुकानाची. तिसरी अट वाचून दुकानाचा मालक-कारागीर स्वतः म्हणाला, ‘‘लिवा की. माझ्या हातचं काम हाय.’’ त्याच्यावर माझा विश्वास तिथे बसला.

जानेवारीत काम झालं. आधी धुणं, आयर्न रिमूव्हर, रुतलेला मळ ओढून काढणारी क्ले, मग पॉलिश. पॉलिशला मी कमीत कमी घासायचं सांगितलं, कारण एका जोरदार कटिंगमध्ये क्लिअरकोटचे दोन-चार मायक्रॉन जातात आणि फिल्मखाली बारीक ओरखडे तसेही फारसे दिसत नाहीत. खोल रेघा मात्र फिल्मखाली कायमच्या कोंडल्या जातात, त्या आधीच काढाव्या लागतात. बंपरला दोन दिवस गेले. थंडीत डिंक उशिरा धरतो, म्हणून कडांना लॅम्प लावला. उजव्या आरशाच्या फिल्मखाली धुळीचा कण राहिला, तो आरसा पुन्हा केला. बोनेटवर पाण्याचे काही छोटे फुगे होते, ते दोन-तीन आठवड्यांत आपोआप गेले. पाण्याचा फुगा जातो, धुळीचा टिपका जात नाही. गाडी ताब्यात घेताना एवढा फरक ओळखता आला तरी पुरे. आठवडाभर गाडी धुतली नाही.

वर्षभराने

पुढच्या जानेवारीत गाडी पुन्हा टॉर्चखाली घेतली. एक पावसाळा, एक दसरा, एक गणपती आणि हंगामाचा बराच भाग पार पडलेला.

सगळ्यात जास्त मार मागच्या फेंडरच्या पुढच्या भागाला. डाव्या-उजव्या दोन्ही पट्ट्या खरवडलेल्या, फिल्मखाली रंग शाबूत. दोन्ही कोटेशनांमध्ये ही जागा सुटी लिहिलेली नव्हती, आणि नुसतं फ्रंट पॅकेज घेतलं असतं तर इथला रंग आज गेलेला असता. बोनेटवर फिल्मला खळगे पडलेत, एकही आरपार नाही. बंपरवर डाव्या हेडलाइटच्या खाली एक आरपार टवका. कराडच्या अलीकडे डायव्हर्जनमध्ये लागला असं मालक सांगतात. तिथे पाणी आत जाऊ नये म्हणून सध्या छोटा तुकडा लावलाय.

दसऱ्याच्या वेळी, खंडेनवमीच्या पूजेत, मालकांच्या आईंना मी आधीच विनंती केली होती: काकू, हळद-कुंकू काचेवर आणि नंबर प्लेटवर लावा, बोनेटवर नको. पॉलियुरेथेन रंग शोषून घेतं. हळदीचा डाग उन्हाने बराचसा उडतो, पण कुंकवातला रंग टिकून बसतो. त्यांनी समोरच्या काचेवर सुंदर स्वस्तिक काढलं. गणपतीच्या मिरवणुकीत मात्र गुलाल चुकला नाही, आणि वर पावसाची भुरभुर. कोरडा गुलाल हवेने उडवून टाकता येतो. ओला झाला की रंग सोडतो. दाराच्या कडांवरच्या अरुंद पट्ट्यांच्या काठाला गुलाबी रेघ बसली. कोणी कापडाने पुसलं असतं तर ती कडेच्या आत गेली असती. भरपूर पाणी, मग सौम्य शाम्पू, असं करून बरीचशी निघाली आणि उरलेली काही आठवड्यांत उन्हाने फिकी झाली.

एक कड सुटली. उजव्या मागच्या कमानीजवळ, वॉशिंग सेंटरवर प्रेशर गन फिल्मच्या काठावर जवळून धरली म्हणून. गन निदान हातभर लांब आणि काठाला सरळ धरायची, काठाखाली पाणी घुसेल अशी तिरकी कधीच नाही. हे आता मालक प्रत्येक वेळी उभं राहून सांगतात. कारागिराने कड गरम करून पुन्हा बसवली.

आणि उजव्या दारावर उसाच्या वाढ्याचा लांब ओरखडा. फिल्म नसलेला भाग. हा ओरखडा फिल्मने बहुधा घेतला असता. क्लिअरकोटच्या आत राहिला म्हणून पॉलिशने निघाला, पण दर हंगामाला असं घासत राहिलो तर दाराचा क्लिअरकोट पुरणार नाही. मालकांनी विचारलं, मग दारं तेव्हाच झाकायला हवी होती का? माझं उत्तर: दाराच्या खालच्या निम्म्या भागाला, दरवाज्याच्या नैसर्गिक रेषेपर्यंत, आता लावू. छत आणि मागची डिकी नको. वर्षभरात तिथे एकही खूण नाही, आणि आयर्न रिमूव्हर मारल्यावर या वेळी जांभळा रंग जवळपास आलाच नाही. गाडीची जागा बदलल्याचा तो परिणाम.

दारांचं माप घेतलंय. काम हंगाम संपल्यावर, एप्रिलमध्ये आहे, त्याच रोलच्या कंपनीची फिल्म, त्याच कारागिराकडे. मागच्या फेंडरच्या पट्ट्या तेव्हाच बदलायच्या. त्यांचा वेगळा दर आत्ताच लिहून घेतलाय, कारण या गाडीला त्या दर दीड-दोन वर्षांनी लागणार आहेत.